घरातले लिहिताना घरच्यांचे खासगीपण कसे जपावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नावे बदलली तरी लोकांना ओळख पटते. असे का होते?

आमच्याकडे मराठवाड्यात माणसाची ओळख सांगताना नाव शेवटी येते. आधी गाव येते, मग भावकी, मग आजोळ, आणि मग ‘ते नाही का, ज्यांची विहीर रस्त्यात गेली, त्यांचे थोरले जावई’ असे काहीतरी. परभणीपासून धाराशिवपर्यंत सोयरिकींचे जाळे इतके दाट विणलेले आहे, की कोणत्याही लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी माणसे बोलायला बसली तर पाच मिनिटांत त्यांचे काहीतरी नाते निघते. अशा ठिकाणी तुम्ही नाव बदलता, तेव्हा ओळखीतला सर्वांत हलका भाग काढता आणि बाकीचा सगळा तसाच ठेवता.

हे मी चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आत्येसासूबाईंबद्दल लिहिले. नवऱ्याने टाकल्यावर त्या माहेरी परतल्या होत्या आणि शिवणकामावर त्यांनी स्वतःचे पोट भरले होते. मी त्यांचे नाव बदलले, गाव बदलले, तालुकाही बदलला. मात्र एक गोष्ट मला इतकी आवडली होती, की ती बदलावी असे सुचलेसुद्धा नाही. परत आल्या त्या दिवशी त्या शिलाई मशीन डोक्यावर घेऊन एसटीतून उतरल्या होत्या, आणि फाट्यापासून घरापर्यंत ती कोणाच्याही हातात दिली नव्हती. पुढे एका लग्नात पंगतीला बसल्या असताना शेजारच्या बाईंनी त्यांना विचारले, ‘‘अहो, ती मशीनवाली तुम्हीच का?’’ आत्याबाई उरलेले जेवण न बोलता जेवल्या. घरी आल्यावर मला एवढेच म्हणाल्या, ‘‘सुनबाई, मशीन माझी होती.’’

ही हकिकत येथे त्यांना वाचून दाखवून आणि त्यांच्या परवानगीने लिहिली आहे. मूळ वस्तू मशीन नव्हती. ती कोणती होती हे सांगू नये असे त्यांचे म्हणणे आहे, म्हणून त्यांच्या बोलण्यातही मी त्या वस्तूच्या जागी मशीनच ठेवली आहे.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चालते. मजकुरातला जो तपशील लिहिणाऱ्याला सर्वांत प्रिय असतो, तोच बहुधा ओळख पटवणारा असतो, कारण तो त्या एकाच माणसाचा असतो.

मग ओळख पुसायची तरी कशी?

खुणा एकेकट्या न पाहता त्यांची जोडणी पाहावी. ‘निवृत्त तलाठी’ असे लिहिले तर असे शेकडो आहेत. ‘तीन मुलींचे वडील असलेले निवृत्त तलाठी’ म्हटले की एका तालुक्यात थोडेच उरतात. ‘ज्यांची मधली मुलगी पुण्यात नर्स आहे’ हे जोडले की एकच माणूस उरतो, आणि त्याच्या दारातले कडुलिंबाचे झाड लिहायची गरजही राहत नाही. म्हणून मजकूर पूर्ण झाल्यावर मी कागदाच्या समासात त्या व्यक्तीच्या सगळ्या खुणा एकाखाली एक लिहून काढते: व्यवसाय, भावंडांची संख्या, आजार, बोलण्याची लकब, साल, सणावाराचा प्रसंग, घराची रचना. त्यानंतर प्रत्येक खुणेपुढे विचारते, की ही नसेल तर लेखातले काय जाईल? बऱ्याच खुणा अशा निघतात, की त्या काढल्या तरी काहीच जात नाही. ज्या काढता येत नाहीत त्यांतली एखादी बदलावी. तलाठ्याचा ग्रामसेवक करावा, भाचीचा भाचा करावा. बदल एकदा केला की पुढच्या सगळ्या लेखांत तोच ठेवावा, नाहीतर दोन लेख शेजारी ठेवणाऱ्याला मूळ चित्र दिसते.

आडनावाबद्दल विशेष काळजी घ्यावी. खोटे आडनाव घेतले तरी ते कोणत्या ना कोणत्या समाजाकडे बोट दाखवते, आणि आपण केलेल्या चित्रणाचा भार विनाकारण त्या समाजावर पडतो. शक्य तेथे आडनावाशिवायच लिहावे.

आणि एक अडचण अशी आहे, की जिच्यावर उपाय फारसा नाही. तुम्ही स्वतःच्या खऱ्या नावाने लिहीत असाल तर ‘माझी सासू’, ‘माझे वडील’, ‘माझा थोरला दीर’ यांना नाव दिले काय आणि न दिले काय, सारखेच आहे. ती माणसे तुमच्या नावावरून ओळखली जातात. त्यांच्या बाबतीत लपवणे हा मार्गच नसतो. परवानगी घेणे किंवा न लिहिणे एवढेच दोन मार्ग राहतात.

परवानगी कोणाची घ्यावी आणि कशी घ्यावी?

ज्याची गोष्ट आहे त्याची घ्यावी. हे सोपे वाटते, परंतु आपल्या घरांत परवानगी साधारणपणे कर्त्या माणसाकडे मागितली जाते. सासऱ्यांनी ‘लिही की’ म्हटले म्हणून धाकट्या जावेच्या गर्भपाताबद्दल लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. तो प्रसंग तिच्या शरीरावर गुदरला आहे, आणि त्याबद्दल होय किंवा नाही म्हणणारी तीच आहे.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. सगळे बसलेले असताना ओसरीवर विचारले तर कोणीही ‘आम्हाला काय, लिहा’ असेच म्हणणार, कारण चारचौघांत नकार देणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. व्यक्तीला एकटीला गाठून विचारावे. मजकूर नुसता ‘तुमच्यावर लिहिते आहे’ असा सांगू नये, तर अक्षर न् अक्षर वाचून दाखवावा. वाचता न येणाऱ्या किंवा डोळ्यांनी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांना तर हे करणे आवश्यकच आहे, कारण इंटरनेटवर गेलेला मजकूर कोण वाचते आणि किती काळ राहतो याची त्यांना कल्पना नसते. ‘हे मुंबईतला माणूसही वाचू शकेल, तुमच्या माहेरचा माणूसही वाचू शकेल आणि दहा वर्षांनीही वाचू शकेल’ असे साध्या शब्दांत सांगावे. मग एक रात्र जाऊ द्यावी. माझ्या अनुभवात खरे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी येते, आणि ते अनेकदा ‘ते तेवढे एक वाक्य काढशील का?’ असे असते.

एकदा दिलेली परवानगी मागे घेता येते, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.

लहान मुलांबद्दल लिहिणे योग्य आहे का?

याचे उत्तर मुलाच्या वयाप्रमाणे बदलते. पाळण्यातल्या बाळाच्या पहिल्या दाताबद्दल लिहिले तर पुढे कोणाचे काही बिघडणार नाही. सातवीतल्या मुलीच्या पहिल्या पाळीबद्दल, अंथरूण ओले करणाऱ्या मुलाबद्दल किंवा अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाबद्दल आईवडिलांनी कितीही मायेने लिहिले, तरी ते मूल उद्या त्याच वर्गात जाऊन बसणार आहे. मुलांना मोठेपणी स्वतःची ओळख स्वतः घडवायची असते, आणि ती आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असणे ही मोठीच अडचण आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बालक मानले आहे. घरातल्या लिखाणासाठीही तीच मर्यादा डोळ्यांसमोर ठेवावी असे मला वाटते; मात्र मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की त्याला विचारायला सुरुवात करावी आणि त्याचा नकार मानावा.

आपल्या भागात परीक्षांचे वातावरण फार तापलेले असते. लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे पालक हॉल तिकिटाचा फोटो ‘आशीर्वाद असू द्या’ म्हणून सगळीकडे टाकतात. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढ्यावर पाहता येतो, आणि हॉल तिकिटावर दोन्ही असते. म्हणजे मुलाने निकाल उघडण्याआधी अर्ध्या भावकीने त्याचे गुण पाहिलेले असतात, आणि गुण कमी पडले असतील तर त्या मुलावर काय गुदरते ते वेगळे सांगायला नको. गणवेश, शाळेच्या गाडीची वेळ, शिकवणीहून एकटी परतण्याचा रस्ता याही गोष्टी मजकुरात किंवा फोटोत येऊ देऊ नयेत.

बीड आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुले पुष्कळदा आजी-आजोबांजवळ राहतात. त्या मुलांच्या एकटेपणाबद्दल लिहिले गेले पाहिजे, पण कोणत्या वस्तीवर कोणाची मुलगी म्हाताऱ्या आजीबरोबर एकटी आहे, हे वाचणाऱ्याला कळेल असे लिहिणे धोक्याचे आहे.

फोटो टाकताना काय पाहावे?

येळवसेचे उदाहरण घ्या. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला सगळे घर शेतात जाते, कडब्याची कोप घालून पूजा होते, भज्जी आणि आंबिलाची पंगत बसते. तो आनंद दाखवावासा वाटतो हे स्वाभाविकच आहे. मात्र दुपारी बारा वाजता कोपीसमोर बसलेल्या पंधरा जणांचा फोटो टाकला, की घराला कुलूप आहे आणि संध्याकाळपर्यंत कोणी परतणार नाही, हे त्याच फोटोत लिहिलेले असते. फोटो परतल्यावर टाकावेत. दोन दिवसांनी टाकले तरी भज्जीची चव उतरत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कोठे काढला याचे अक्षांश-रेखांश त्या फाइलमध्ये जाऊन बसतात, आणि मूळ फाइल जशीच्या तशी पाठवली तर ते सोबत जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करता येते. फोटोतला मुख्य चेहरा पाहून झाल्यावर चारही कोपरे पाहावेत. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली दवाखान्याची पिशवी, टेबलावरचे बँकेचे पासबुक, मोटारसायकलची नंबर प्लेट, मागे झोपलेली बाळंतीण, यांपैकी काहीतरी कोपऱ्यात निघतेच. आधार कार्ड दाखवण्याची वेळ आलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत अधिकृतपणे मिळते, ती वापरावी.

लग्नपत्रिकेकडे तर कोणी या दृष्टीने पाहतच नाही. आपल्या पत्रिकेत तीन पिढ्यांची नावे, घराचा पत्ता, दोन-तीन मोबाइल क्रमांक आणि सगळे घर मंगल कार्यालयात असण्याची तारीख व मुहूर्त, एवढे सगळे एकाच कागदावर छापलेले असते. ती पाव्हण्यांना खासगीत पाठवावी.

घरातल्या आजारपणाबद्दल लिहावे का?

स्वतःच्या आजाराबद्दल अवश्य लिहावे. त्याने दुसऱ्या आजारी माणसाला धीर येतो. दुसऱ्याच्या आजाराबद्दल लिहिताना, आजार त्याचा आहे आणि शुश्रूषा तुमची आहे, अशी वाटणी मनात पक्की करावी. रात्री चार वेळा उठणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, बहीण मदतीला न आल्याचा राग, स्वतःचा थकवा हे सगळे तुमचे आहे. आजाराचे नाव, तपासणीचे आकडे, अंथरुणावरची अवस्था हे त्यांचे आहे. विस्मरणाच्या आजारात तर माणूस परवानगी देऊच शकत नाही. तेव्हा, शुद्धीवर असताना त्यांनी हे चारचौघांत सांगू दिले असते का, असे विचारावे. साठ वर्षे डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईचे कपडे बदलण्याचा प्रसंग लिहावा की नाही, याचे उत्तर मग लगेच मिळते.

एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची लागण त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास तो मनाई करतो. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यालाही त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. क्षयरोग, फिट येणे, मूल न होणे यांबद्दल आपल्याकडे सोयरिकी मोडतात हे वास्तव आहे. ते चूक आहे, पण ती चूक दुरुस्त करण्यासाठी घरातल्या मुलीला न विचारता पुढे करू नये.

ज्या घरात आत्महत्या झाली आहे, त्या घरातल्या माणसाने काय पाळावे?

मराठवाड्यात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. नापिकी, कर्ज आणि शेवटी गेलेला माणूस, हे ज्या घरांत घडले त्यांनी ते लिहावे, कारण बाहेरचे लोक लिहितात तेव्हा बहुधा फक्त आकडा उरतो. तरीही तीन गोष्टी लिहू नयेत असे मला मनापासून सांगावेसे वाटते. कोणत्या मार्गाने जीव दिला ते लिहू नये. वाचणाऱ्यांत तशाच मनःस्थितीतला कोणीतरी असतो. शेवटची चिठ्ठी छापू नये. आणि मागे राहिलेल्या बायकोला दोष देणारे किंवा तिच्याबद्दल कीव वाटावी असे काहीही तिच्या संमतीशिवाय लिहू नये, कारण तिला त्याच गावात राहायचे आहे, त्याच सोसायटीत खत आणायला जायचे आहे. त्या घरातली मुले हा मजकूर एक दिवस वाचणार आहेत, हे लिहिताना विसरू नये. लिहिताना मन फारच खचले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.

घरात मारहाण होत असेल तरी ‘घरचे घरात’ ठेवायचे का?

नाही. खासगीपण आणि घराची अब्रू या दोन गोष्टी एक समजू नयेत. अब्रूच्या नावाखाली बायकांची तोंडे पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवली गेली आहेत, आणि या पानाचा वापर कोणी त्यासाठी करू नये. मारणाऱ्याला आपला हात लपवून ठेवण्याचा हक्क नाही. सोसणाऱ्या बाईला मात्र केव्हा, किती आणि कोणत्या नावाने बोलायचे हे ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे.

परंतु आधी सुरक्षितता पाहावी. त्याच घरात राहत असताना, नवऱ्याला पासवर्ड माहीत असलेल्या मोबाइलवरून लिहिणे धोक्याचे ठरू शकते. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन, तातडीसाठी ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार नेमलेले संरक्षण अधिकारी यांची मदत आधी घ्यावी. लिखाण नंतरही होते. तुम्ही सध्या कोठे आसरा घेतला आहे हे तर कधीच लिहू नये. मारणाऱ्याचे नाव घेऊन लिहायचे असेल तर वकिलाला मजकूर दाखवावा, कारण फौजदारी बदनामीच्या कायद्यात केवळ खरे असणे पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेले असावे लागते.

लैंगिक अत्याचाराबाबत कायदा फार स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार असे एकेक मोजून सांगते. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते, की माणूस शेजारावरून ओळखला जातो.

इतर बाबतींत कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मात्र २०२३ चा माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापराला लागू होत नाही, आणि एखाद्याने स्वतःची माहिती स्वतःच जाहीर केली असेल तर तिलाही लागू होत नाही. तेव्हा नणंद-भावजयीतला विश्वास तुटला तर त्यासाठी कायद्याकडे बोट दाखवून फारसे काही हाती लागणार नाही.

वारलेल्या माणसांबद्दल मोकळेपणाने लिहिता येते ना?

बऱ्याच अंशी येते, आणि लिहावेही. निजामाच्या राज्यातील उर्दूत लिहिलेले जमिनीचे कागद ट्रंकेत जपून ठेवलेली घरे आपल्याकडे अजून आहेत. १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त होण्याच्या, आधीचे दिवस किंवा ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. त्यांचे लिहून ठेवले नाही तर ते जाईल. फक्त त्या जुन्या कागदांत दत्तक, दुसरे लग्न किंवा जमिनीची तोंडी वाटणी असे काही निघाले तर थांबावे; गेलेल्याला त्याचे काही नसते, पण त्याचा दत्तक नातू शेजारच्या गल्लीत राहत असतो आणि त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

एकदा प्रसिद्ध झालेले मागे घेता येते का?

तुमच्या बाजूने काढता येते. ज्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवला त्यांच्याकडून काढता येत नाही. तरीही आक्षेप आला की त्याच दिवशी काढावे, वाद नंतर घालावा. कोणी तुमच्या घरातील फोटोंचा गैरवापर केला तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

इतकी बंधने पाळायची तर बाईने घराबद्दल लिहायचे तरी काय?

पुष्कळ काही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून सासर-माहेर, भाऊ, दीर, सवत सगळे ओव्यांत सांगत होत्या, आणि पहाटेच्या अंधारात ते ऐकायला दुसऱ्या बाजूने खुंटा धरलेली बाई तेवढी असे. ऐकणारे कोण हे त्यांना माहीत होते, म्हणून त्या मोकळ्या होत्या. आपल्याला ते माहीत नसते, एवढाच फरक आहे. स्वतःचा राग, स्वतःची चूक, स्वतःची भूक, धपाटे थापताना हाताला बसलेला चटका, टँकरच्या रांगेत गेलेली दुपार यांसाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

घरातील व्यक्ती कायमची ‘नाही’ म्हणाली तर लिहिलेल्याचे काय करावे?

वहीत ठेवावे. माझ्या भाचीच्या लहानपणाबद्दल मी बरेच लिहिले आहे, तिच्या दुखण्याबद्दलही. ती दहा वर्षांची असताना तिला विचारले, तेव्हा ती नको म्हणाली. ती वही आमच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली आहे. तिच्या अठराव्या वाढदिवसाला ती तिच्या हातात द्यायची आणि दुसरी प्रत ठेवायची नाही, असे आमचे दोघींचे ठरले आहे.